अष्टमीची भरती

मोठ्या वकिलांची भीती मला घालूच नका. आमच्या पालघरच्या कोर्टात काय झालं ते आधी ऐका.

तारापूरकडच्या एका खाडीतले मासे मेले, म्हणून मासे विकणाऱ्या मालूताईंनी केमिकल कंपनीवर दावा लावला. त्यांचा वकील मी एकटा. कंपनीने आणली देशोदेशी ऑफिसं असलेली फर्म. पाच वकील आणि बॅगा भरभरून कागद! त्यांचे मोठे साहेब दारातच मालूताईंना म्हणाले, "बाई, असे खटले आम्ही जगभर जिंकलेत. तडजोड करा."

"नाय," मालूताई म्हणाल्या आणि सरळ आत गेल्या.

उलटतपासणीत साहेबांनी अहवाल वाचला. "कंपनीने त्या दिवशी दुपारी बारा वाजता पाणी सोडलं. तेव्हा खाडीला पूर्ण भरती होती, सगळं समुद्रात मिसळून गेलं. मग मासे मरतील कसे?"

"मासे मेले त्याच दिवशी ना?" मालूताईंनी विचारलं. "ती अष्टमी होती. अष्टमीला भर दुपारी ओहोटी असते, साहेब. खाडीत नुसता चिखल."

जज्जसाहेबांनी शिपायाकडून गेल्या वर्षीचं कॅलेंडर मागवलं. अष्टमीच निघाली. पाचही वकील कागद चाळत बसले.

बाहेर आल्यावर साहेब पुन्हा तडजोडीचं बोलायला लागले, आवाज मात्र खाली आला होता.

मालूताई म्हणाल्या, "आदी आमच्या खाडीवर या. अष्टमीलाच या, दुपारी बाराला. बूट हातात घ्या, तुमची ती भरती आपण चालत पार करू."