पंधरा दिवसांचा आजोबा

...नाही, तुम्हीच सांगा, वीस वर्षांच्या मुलाने पंधरा दिवसांत किती वेळा आजोबा व्हावं? एकदा? दोनदा? मी अकरा वेळा झालो! बरं, नुसता आजोबा नाही, दोनदा पणजोबा, एकदा कुणाचे तरी ग्वाल्हेरचे थोरले काका, आणि एका घरी तर "आमच्या वडिलांना तिखट सोसत नसे" म्हणून माझ्या पानातली चटणी उचलून नेली हो, माझ्या डोळ्यांदेखत! पण बोलणार काय? जेवण फुकटचं. खर्च शून्य, भिया!

तुम्हाला सांगतो, सगळं सुरू झालं ते मांडूपायी. मी देवासला, म्हणजे माळव्यात, जिथे भाऊला 'भिया' म्हणतात, तिथे कॉलेजात, सेकंड इयर, घर पीथमपूरला, बाबा कारखान्यात शिफ्टला, म्हणजे पैसे येतात ते अगदी बेताचे... आणि वर्गाने ठरवलं मांडूला जायचं! आता या दिवसांतलं मांडू म्हणजे काय विचारता, सगळं हिरवंगार, ढग महालाच्या आत, गरम भुट्टे... आणि आमच्या वर्गातली वेदिका, तिने स्वतः विचारलं, "आयुष, तू येतोय ना?" स्वतः! दीड वर्षात ती माझ्याशी बोललेलं हे दुसरं वाक्य. पहिलं "जरा सरक" होतं. मग काय, मेस बंद केली, मेसचे पैसे ट्रिपला भरले, सीट पक्की, आणि खोलीवर येऊन विचार करत बसलो की आता महिनाभर खायचं काय. हा विचार आधी करतात म्हणे.

तेवढ्यात अक्का. अक्का म्हणजे आमची घरमालकीण, खाली राहते, हिच्या आजेसासऱ्यांनी संस्थानची कचेरी सांभाळलेली, आणि आता ही आमचा नळ सांभाळते, सहा ते सात, नंतर बंद. तर पितृपक्ष लागलेला, आणि गावातले सगळे गुरुजी पंधरा दिवस उज्जैनला, घाटावर, फोनसुद्धा उचलत नाहीत! अक्का जिन्यातूनच ओरडली, "काय रे, मुंज झाली आहे ना तुझी?" म्हटलं, झालीये ना, आजीने केली कॉलनीच्या हॉलमध्ये, मोबाइलमध्ये फोटो आहे, दाखवू? "फोटो काय करायचाय मेल्या! उद्या दुपारी अंघोळ करून सोवळं नेसून खाली ये. मामंजींचं श्राद्ध आहे. ब्राह्मण म्हणून बसायचं."

बसलो! आणि भिया, ते पान... खीर, वडे, आमसुलाची चटणी, अळूच्या वड्या, दोन-तीन भाज्या, आणि अख्खं घर माझ्या पाया पडतंय! मंत्र सांगायला गोपाळराव, संस्कृतचे रिटायर्ड मास्तर, शास्त्राच्या बाबतीत एकदम कडक. जेवण झाल्यावर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तृप्त झालात?" आता मला काय ठाऊक की याचं उत्तर पोथीत छापलेलं असतं? मी म्हटलं, "एकदम, भिया!" त्यांनी डोळे मिटून घेतले. पण अक्का खूश, कारण वडे नऊ गेले होते. आणि खर्च? शून्य!

झालं, गावात बोभाटा. मुंज झालेला आहे, भूक आहे, घाई नाही, फोन उचलतो! रोज एक घर. माझा रूम पार्टनर योगेंद्र, पीपलरावां गावचा, तो तर हात जोडायला लागला, "अरे भिया, थारी तो निकल पड़ी! म्हारी मुंज कब करवा रियो है?" तिकडून आई फोनवर, "जेवलास का रे?" म्हटलं, जेवलो, आज पणजोबा होतो. आईने फोन बाबांकडे दिला. पण तुम्हाला सांगतो, खीर-वडे पहिल्या दिवशी अमृत, चौथ्या दिवशी जेवण, आणि आठव्या दिवशी खिरीकडे बघून मला मेसची पातळ डाळ आठवली, डोळे भरून आले! यजमानीणबाईंना वाटलं वडिलांचा आत्मा संतुष्ट झाला, त्यांनी आणखी खीर वाढली.

तरी म्हटलं, सोसा. रविवारी मांडू. आणि शनिवारी संध्याकाळी, म्हणजे बॅग भरून झालीये, योगेंद्रचा परफ्यूम मारून ट्रायल झालीये, तर जिन्यात आवाज. पलीकडच्या गल्लीतल्या विनोदिनीकाकू. गुडघे दुखतात, तरी जिना चढून आलेल्या! "आयुष बाळ, यांच्या तिथीला मी तापाने पडून होते रे. उद्या सर्वपित्री, शेवटचा दिवस. येशील ना?" म्हटलं, काकू, उद्या मी मांडूला... "अगोबाई, हो का? मग जा हो. हरकत नाही." तुम्ही ही 'हरकत नाही' ऐकलीये का कधी? आपल्या बायका म्हणतात ती? त्यापेक्षा दोन थोबाडीत बऱ्या!

मी पळत गोपाळरावांकडे. म्हटलं, सकाळी आठलाच जेवतो, मग गाडी पकडतो. "श्राद्ध अपराह्णी. दुपारी." मग दुपारी जेवून निघतो, धारपर्यंत बस, पुढे बघतो! "श्राद्ध जेवणाऱ्याने त्या दिवशी प्रवास करू नये, पुन्हा जेवू नये, ओझे उचलू नये, अध्ययन करू नये." अध्ययन म्हणजे अभ्यास? "अभ्यास." म्हटलं, सर, तेवढं मी दीड वर्ष पाळतोय, त्या बदल्यात प्रवासाची सूट द्या की! नाही दिली.

रविवारी सकाळी गाडीचा हॉर्न वाजला. माझ्या सीटवर योगेंद्र गेला. माझं जॅकेट घालून. मी अंघोळ केली.

काकूंच्या घरी दोघंच, त्या आणि गोपाळराव. मुलगा पुण्याला, सुट्टी नाही मिळाली. भिंतीवर काकूंच्या मिस्टरांचा, भास्कररावांचा फोटो, बँकेत होते. काकू वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सांगायचं राहिलं, मोरीचा नळ बदलून घेतला हं मी. आणि पेन्शनचं काम झालं. मी एकटी गेले होते." मला आधी कळेचना कुणाला सांगतायत. मग कळलं... मला. म्हणजे त्यांना! आजोबा होण्याची सवय झाली होती हो, पण नवरा? या वयात? जेवताना बोलायचं नसतं, गोपाळराव डोळे वटारून बसलेले, आणि तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं केलंस." काकू हातातली पळी तशीच धरून उभ्या राहिल्या. मग हसल्या, पदराने डोळे पुसले, आणि शास्त्रवाले गोपाळराव खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवशी मी अकरा वडे खाल्ले आणि एकही जड गेला नाही.

संध्याकाळी योगेंद्रचे फोटो आले. महाल, ढग, भुट्टा, वेदिका. भुट्टा अर्धा अर्धा.

म्हटलं, जाऊ दे, निदान जेवणाची सोय तरी आहे. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून सोवळ्यात खाली जाऊन उभा राहिलो. अक्का घट बसवत होती. "आता काय?" म्हटलं, आज कुणाकडे? "अरे, पितृपक्ष संपला! आजपासून नवरात्र. घरोघरी उपास. आता कुमारिका लागतात जेवायला, ब्राह्मण नाही!" म्हणजे पंधरा दिवस मी या गावाचा आजोबा झालो, काका झालो, एका दुपारी नवराही झालो... पण कुमारिका कसा होऊ हो?

अक्काची नात आहे चिऊ, सात वर्षांची, दात पडलेले. तिची नऊच्या नऊ दिवस बुकिंग! गावातल्या टेकरीवर देवीच्या दर्शनाला ही गर्दी, रिक्षा मिळत नाही, म्हणून अक्काने मलाच सांगितलं, "सायकलवर सोडून ये रे तिला." रोज सोडतो. ती आत जाते, पाय धुऊन घेते, पुरी-श्रीखंड खाते, मी बाहेर तिच्या चपला सांभाळतो. परवा तिला म्हटलं, चिऊ, येताना माझ्यासाठी रुमालात काहीतरी आणशील? ती सायकलवर बसली, विचार केला आणि म्हणाली, "एका फेरीला एक पुरी. आणि टेकरीचा चढ आला की तू उतरून ढकलायचं."

ढकलतो, भिया.