भाकरीवरचे दाते

सांगलीच्या त्या सायकलच्या दुकानात गिऱ्हाइकं तीन होती आणि काउंटरवर एक कडक भाकरी. नुकताच बी.एस्सी. झालेला अवधूत ब्रेकचे रबर घ्यायला आला होता. पुढे जतकडचा धुळा आणि त्याची बायको मंगल.

"या भाकरीचं काय करू, बाई?"

"दातं मोजा, शेठ. चेन काढून मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलवर पीठ दाबलं, दातं उमटली, मग तव्यावर भाजलं."

"फ्रीव्हीलच आणायचं की काढून."

"मग डेअरीला दूध कशावर जाणार?"

"मी म्हनलं हुतं मंगल, लोक हसतील."

"हसू द्या की. आवं, चढ आला की तुमी उतरून ढकलताय, तवर दूध नासतंय. परवा अख्खा क्यान वतला."

"पण बाई, गेल्या महिन्यात मी बावीस दात्यांचं दिलंय. अठरापेक्षा चढाला हलकं जातं."

"म्हनूनच मोजा म्हनते."

"भाकरी भाजली की आखडते. माप चुकणार."

"पीठ आखडलं, शेठ. दातं कशाला कमी हुतील?"

अवधूतने तिच्या म्हणण्याला मान डोलावली. शेठ मोजू लागले, तसा तोही वाकून मोजू लागला.

"सोळा, सतरा, अठरा... खोक्यावर बावीसच लिहिलं होतं हो."

"खोकं चढ चढत न्हाई. बदलून द्या. आन् ह्या बारीला माझ्यासमोर मोजा, मोठ्यानं."

"मोजा शेठ. ती काय ऐकायची न्हाई."

शेठनी दुसरं खोकं उघडलं आणि पहिल्या दात्यावर अंगठा ठेवून ते मोजत गेले. बावीस भरले.