मर्यादवेलीच्या अलीकडे

आज एप्रिलची सहा तारीख, समोर सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पाटी आहे आणि ती दुपारच्या आत सोलून व्हायला हवी, तेव्हा मी सोलता सोलता सांगते, तुम्ही लिहून घ्या, मधे चहा मागू नका. चहाचंही सांगणार आहे.

माझं माहेर आचऱ्याचं. बाबा रापणीवर, किनाऱ्यावरून दोर ओढून जाळं आणणाऱ्यांत. घरासमोर वाळूचा उंचवटा, त्यावर केगदीचं बन, केगद म्हणजे तुमचा केवडा, आणि बनाच्या पुढे उघड्या वाळूवर पसरलेली मर्यादवेल, जांभळ्या फुलांची. आई म्हणायची, वेल वलांडूक नाय हां गो. आणि पावसात दर्या खवळला की तीच दारात उभी राहून त्याला म्हणायची, वेल वलांडूक नाय हां रे. आम्हा दोघांना एकच दम. मी ऐकायचे, तोही बहुतेक ऐकायचा.

लग्न होऊन इथे आले तर इथेही तेच, तीच वेल, तीच केगद. गणपतीच्या आधी सगळी वाडी कणसं काढायला जायची, हात ओरबाडून निघायचे, पण साड्यांच्या ट्रंकेत एक पात ठेवली की वर्षभर वास. बनात घोरपड असायची, मुंगसं असायची, आमच्या कोंबड्या पळवायची, तेही सांगायला हवं. थंडीत कासवीण वर यायची, वेलीच्या कडेला अंडी पुरून परत जायची, सकाळी वाळूवर तिचा रुंद माग दिसायचा. सासरे म्हणायचे, माहेरवाशीण येवन गेली, त्या बाजूक जाळी पसरू नकात.

आता शेजारची मंदा. तिच्या मुलांनी पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या बांधायला म्हणून केगद उपटली, उंचवटा सपाट केला, दर्या अगदी अंगणात दिसायला लागला, आम्हीही बघायला गेलो, छान छान म्हणून आलो. पुढच्या पावसात दर्या खरोखरच अंगणात आला. विहीर, आमची बावडी हो, खारट झाली ती झालीच. मंदा तेव्हापासून दोन हंडे घेऊन आमच्याकडे. या थंडीत कासविणीचा माग तिच्या सपाट वाळूवर आला, गोल फिरला आणि तसाच परत दर्यात गेला. अंडी नाहीत.

एवढं डोळ्यांसमोर असून आमचे भावोजी, माझे धाकटे दीर, मुंबईहून निवृत्त होऊन आले ते एक दिवस म्हणाले, वैनी, आपणय चार खोल्यो बांधूया, ह्यां केगदीचां बन काढूया, खाटीवर पडान दर्या दिसाक होयो. उद्या सकाळी जेसीबी येतलो. जमीन सामायिक. आमचे हे बोटीवर, फोनवर म्हणाले, तुमी दोघां काय ता बघा. म्हणजे मीच बघायचं.

काय सांगू तुम्हाला, भावोजींचा रागही येईना. तीस वर्षं माणूस एका खोलीत राहिला, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीचे पाइप. खाटेवरून दर्या बघायचा एवढंच ठरवून ठेवलेलं. आणि खोल्यांना माझी ना नव्हतीच, रांधायला मी आहे, चार पैसे आले तर मला नकोत का? पण विहीर गेली तर पाहुण्यांना पाजू काय? सांगून पाहिलं. म्हणाले, मंदाचां नशीब तसां, आपला नाय.

मग मी वाद घातला नाही. मंदाकडे कळशी घेऊन गेले. ती म्हणाली, आज उलटी गंगा काय गो? तिच्या विहिरीचं पाणी आणलं, आलं घालून फक्कड चहा केला, भावोजींपुढे ठेवला. एक घोट घेतला आणि अंगणात थुंकले. वैनी, साखर समजान मीठ घातलंस काय?

म्हटलं, साखर बरोबर आसा. पाणी मंदाच्या नशिबाचां आसा.

कप खाली ठेवला. मग केगदीकडे बघत म्हणाले, मगे खाटीवरसून दर्या दिसाचो नाय तो नायच?

म्हटलं, झोपान आयकूक येता ना? बघूक उठान जावा.

हसले. लहानपणी त्या बनात लपून बसायचे, सासूबाई काठी घेऊन शोधायच्या, ते सगळं सांगत बसले. मी गोड्या पाण्याचा दुसरा चहा दिला. खोल्या मागे, माडांच्या बाजूला घ्यायच्या ठरलं. दर्याकडे जायला एकच वाट, माणूस जाईल एवढी आणि वाकडी, म्हणजे वारा नि पाणी सरळ आत शिरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबीवाल्याला मागची जागा दाखवली आणि वाटेत येणारी तेवढी मर्यादवेल मी कोयत्याने तोडली. लांब लांब दोऱ्या निघाल्या. त्या ओढत मंदाच्या सपाट वाळूवर नेल्या, चर काढून पेरं पुरली. मंदा कमरेवर हात ठेवून बघत होती. रुजात काय गो? म्हटलं, बघूया, तू आधी बादली आण, तुझ्याच बावडीची आण. वेलीक खारां चलता.