सलीमची बंद पडलेली जीप

सलीमची जीप आठवते का तुमाले? इकडं तेल्हाऱ्यात कपाशी वाळून राहिली होती, अन् या गड्याले जंगलाच्या नाल्यातून जीप उडवाचा शौक! एकदा मलेबी घेऊन घुसला, तर समोर फॉरेस्टचा गार्ड उभा.

"गाडी चालवाले बंदी हाये इथं. पुढं गवतात तितराची अंडी हायेत. जीप जप्त!"

सलीमनं झटकन इंजिन बंद केलं अन् चावी घेऊन खाली उडी मारली.

"चालवून कुठं राहिलो, साहेब? बंद पडली. आमी तर ढकलून राहिलो."

गार्डानं त्याच्या हातातली चावी आपल्या खिशात टाकली. "मंग ढकला मागं, डांबरी रस्त्यापर्यंत."

अन् सोता जीपमधी जाऊन बसला. म्हणे, "ढकलाले तुमी दोघं हा. स्टेरिंगवर कोणी तरी पाह्यजे ना!"