इत्ते किमास

शैलेंद्र : ...उद्या सकाळी विमान आहे आपलं, आणि तू शेजारच्या मिनेगिशी-सानना अजून काहीच बोललेली नाहीस? कमाल आहे तुझी!

वीणा : बोलणार आहे ना.

शैलेंद्र : कधी? नारिता विमानतळावरून फोन करून? महिनाभर ऐकतोय, आज बोलते, उद्या बोलते.

वीणा : ओरडू नकोस. भिंती पातळ आहेत, पलीकडे ऐकू जातं.

शैलेंद्र : त्यांना मराठी कुठे कळतं?

वीणा : कादंबऱ्या लिहितात त्या. सूर बरोबर कळतो.

शैलेंद्र : तू आधी एका जागी बस बघू. तो खोका आत्ताच चिकटवला मी, आणि परत उघडतेस. काय हवंय त्यातून?

वीणा : काही नाही. अद्वैतचा स्वेटर टाकला का बघत होते.

शैलेंद्र : मे महिन्यात पुण्यात स्वेटर! अगं, जाऊन सांग ना सरळ. आम्ही कायमचे परत चाललो, तुम्ही खूप केलंत आमचं. यात अवघड काय आहे?

वीणा : मागच्या वेळी काय झालं, विसरलास?

शैलेंद्र : मागच्या वेळी भूकंप झाला होता. जो तो विमानाचं तिकीट शोधत होता.

वीणा : आणि मी अद्वैतला कडेवर घेऊन, खांद्यावर बॅग लटकवून त्यांच्या दारात गेले. काय म्हटलं?

शैलेंद्र : इत्ते किमास.

वीणा : मला वाटलं, आपलं ‘येते’ तेच हे. जाऊन येते. शब्दाला शब्द तोच आहे की! आपल्याकडे निरोप घेताना ‘जाते’ म्हणतं का कुणी?

शैलेंद्र : पण इथे ते स्वतःच्या घरातून निघताना, घरच्या माणसाला म्हणतात. शेजारणीला कोण म्हणतं? कावासाकीच्या ऑफिसात सांगितलं, तर ओनो-सान पोट धरून हसल्या.

वीणा : मिनेगिशी-सान नाही हसल्या. त्यांनी कादंबरी लिहिली.

शैलेंद्र : लिहिली, आणि त्यात तुला चांगली जाड केली.

वीणा : जाड केली ते केली, वर पानोपानी करी ढवळायला लावली. मी आमटी करते, आमटी! किती वेळा सांगितलं त्यांना.

शैलेंद्र : हसलीस बाई एकदाची. आता जा.

वीणा : तुला कळत नाहीये, शैलेंद्र. केवढं नाव होतं त्यांचं! विमा कंपनीत टायपिस्ट होत्या, तिथल्या बायकांवर पहिलं पुस्तक लिहिलं. तिसऱ्याला मोठा पुरस्कार, पुढच्यावर टीव्हीची मालिका. मग नवरा गेला आणि सगळं ठप्प. वर्षानुवर्षं एक ओळ नाही. लोक म्हणायला लागले, संपली ही बाई. आणि मी येडी त्यांच्या दारात जाऊन ते बोलले.

शैलेंद्र : माहितीये. मुलाखत तूच वाचून दाखवलीस.

वीणा : मग आठव ना. ‘नवऱ्यानंतर माझ्या दारात कुणी इत्ते किमास म्हटलं नव्हतं. आता घरी कुणीतरी परत यायचंय, झोपून कसं चालेल? म्हणून लिहायला बसले.’

शैलेंद्र : आणि आपण आलो की परत! जुलैत आलो.

वीणा : या वेळी नाही ना येणार. आणि दुसरा भाग अर्धा लिहून झालाय. त्यात ती बाई इथेच, शेजारी म्हातारी होते. मध्ये मला विचारत होत्या, तुमच्याकडे बायका पिकलेले केस रंगवतात का?

शैलेंद्र : अरे देवा.

वीणा : सत्तरी उलटलीये त्यांची. मी गेले आणि त्यांनी पुन्हा लिहिणं सोडलं तर? त्याचं काय करू मी?

शैलेंद्र : म्हणून बाबांना पुण्यात एकटं ठेवायचं, आणि तू राहायचंस कादंबरीत?

वीणा : असं म्हटलं मी कधी?

शैलेंद्र : थांब. हललं का?

वीणा : दिवा हलतोय बघ.

शैलेंद्र : थांबलं... थांबलं. छोटा होता.

वीणा : तीन वर्षं झाली, तरी आधी दिव्याकडेच बघते मी. त्या एकट्याच आहेत तिकडे. बघून येते.

शैलेंद्र : आणि सांगूनही ये.

(शेजारच्या दारात. बोलणं जपानीत.)

मिनेगिशी : या, वीणा-सान. जाणवला ना?

वीणा : हो. तुम्ही ठीक आहात ना? काही पडलं-बिडलं नाही ना?

मिनेगिशी : एक पुस्तक पडलं. माझंच. फारसं खपलं नव्हतं ते.

वीणा : मिनेगिशी-सान, मला एक सांगायचं होतं. केव्हाच सांगायला हवं होतं.

मिनेगिशी : तुमचा सोफा खाली ठेवला आहे. मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लावून.

वीणा : म्हणजे तुम्हाला...

मिनेगिशी : सोफा टाकणारी माणसं नवा सोफा आणतात. तुमच्याकडे आला नाही.

वीणा : माफ करा. तोंडच उघडत नव्हतं माझं. उद्या निघतोय आम्ही. सासरे एकटे आहेत, त्यांना आता होत नाही. परत येणं नाही जमणार.

मिनेगिशी : असं.

वीणा : रागावलात?

मिनेगिशी : हो. थोडी. दुसऱ्या भागाची लिहून झालेली प्रकरणं फाडली मी.

वीणा : फाडलीत? अहो, असं नका ना करू! मी पत्र लिहीन, फोन करीन. तुम्ही लिहिणं सोडलंत तर मला तिकडे चैन पडणार नाही.

मिनेगिशी : मागच्या वेळी तुम्ही मला वाट पाहायला बसवलंत. ते लिहून झालं. आता गेलेलं माणूस लिहायचं आहे, आणि तेच जमत नाही.

वीणा : का?

मिनेगिशी : नवरासुद्धा ‘इत्ते किमास’ म्हणूनच बाहेर पडला होता. संध्याकाळी इस्पितळातून फोन आला. ‘जातो’ असं सांगून माझ्याकडून कुणी गेलेलंच नाही. तुम्ही म्हणा.

वीणा : मी?

मिनेगिशी : या वेळी खरं म्हणा. म्हणजे मी वाट पाहणार नाही. लिहीन.

वीणा : नाही हो, मिनेगिशी-सान. आमच्यात असं म्हणत नाहीत. अशुभ मानतात. जीभच वळत नाही.

मिनेगिशी : जपानीत वळत नसेल, तर तुमच्या भाषेत म्हणा.

वीणा : मराठीत?

मिनेगिशी : मी ऐकते आहे.

वीणा : ...येते हं. सांभाळून राहा. येते मी.

मिनेगिशी : ये-ते. छोटा शब्द आहे. याचा अर्थ, जाते?

वीणा : हो. जाते.