पणज्याची घुंगरं

वाघाच्या गोष्टी निघाल्याच आहे, तं माही ऐका. हिंगणीत मी डाक वाटतो, हे तुमाले ठाऊकच आहे. माहा पणजा हेच काम घोड्यावरून करे. घोड्याच्या गळ्यात घुंगराचा पट्टा राहे. आबा सांगे, "घुंगरं वाजली का वाघ रस्ता सोडे." तो पट्टा मी मोठ्या हौसेनं मोटारसायकलच्या हॅन्डलले बांधला.

मागच्या उन्हाळ्यात भर दुपारी जंगलातल्या रस्त्यावर गाडी बंद पडली. मान वर केली तं पन्नास पावलांवर वाघ! रस्त्याच्या मधात बसून दुसरीकडं पाहून राह्यला होता.

मी पट्टा हालवला. त्यानं कान टवकारले. मी अजून जोरात हालवला. तो उठला अन् सरळ माह्याकडं चालाले लागला. पण माहा हात काही थांबे नाई.

तेवढ्यात मागून डबा बडवत, बोंबलत कोणीतरी आलं. वाघ थबकला अन् झुडपात शिरला. पाहतो तं गोमाजीमामा, आमच्या गावचा म्हातारा गुराखी.

"काऊन वाजवून राह्यला बे?"

"मामा, घुंगरानं वाघ पळते ना! घोड्याच्या डाकेपासून..."

"अरे, घोडे गेले कवाचेच! आता ह्या जंगलात घंटी वाजते ते फक्त गाईच्या गळ्यात. तू त्याले जेवाले बोलावून राह्यला होता!"

पट्ट्याची गाठ सोडाले गेलो, तं ती सुटेचना. मंग गाव येईपर्यंत मामानं गाडी ढकलली, अन् मी दोन्ही हातानं घुंगरं दाबून बाजूनं चाललो.