मंदारने घेतलेली बॅकअपची टेस्ट

माझ्या नवऱ्याला मोहालीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार मिळतो, ते ठीक आहे. पण तेच काम घरी कशाला करायचं?

इरा तीन वर्षांची होती तेव्हाचे तिचे व्हिडिओ आमच्या कॉम्प्युटरवर होते. तेव्हा ती घडाघडा मराठी बोलायची. आता नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. म्हणून मीच मंदारच्या मागे लागले, की त्या व्हिडिओंचा बॅकअप घेऊन ठेव. त्याने रविवारी घेतला, वेगळ्या हार्ड डिस्कवर. आणि लगेच कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ पुसून टाकले. रिसायकल बिनसुद्धा रिकामी केली.

मी म्हटलं, "अरे, पुसलेस कशाला?"

"रिस्टोअर होतंय का ते बघायला नको? परतीचे दोर कापल्याशिवाय टेस्ट खरी होत नाही."

मग त्याने रिस्टोअर केलं. फाइलींची नावं सगळी आली, व्हिडिओ मात्र एकही उघडेना. ती हार्ड डिस्कच खराब निघाली. दोन तास खटपट करून हा माणूस मला शांतपणे सांगतो, "बघ, टेस्ट केली म्हणून कळलं. हा बॅकअप चालत नाही."

वर चेहऱ्यावर समाधान. मी तिथेच रडायला लागले. इरा धावत आली, गळ्यात पडली आणि म्हणाली, "रो मत मम्मा, वीडियो दोबारा बना लेंगे ना."

व्हिडिओ बनेल हो. त्यातलं मराठी कुठून आणू?